धावपट्टीखालची पोकळी आणि साचलेले पाणी जीपीआरने वेगळे ओळखता येते का?

प्रश्न
जुन्या काँक्रीटवर डांबरी थर चढवलेल्या एका धावपट्टीच्या पाहणीचे काम आमच्याकडे आले आहे. पावसाळा संपून पृष्ठभाग वाळला तरी काही भेगांतून पाणी झिरपते. धावपट्टी रात्री मोजके तासच मिळते, त्यामुळे जागोजागी कोअर (छिद्र पाडून काढलेले थरांचे दंडगोलाकार नमुने) काढणे शक्य नाही. केवळ जीपीआरवर, म्हणजे जमिनीत रेडिओ लहरी सोडून त्यांची परावर्तने टिपणाऱ्या रडारवर, विसंबून निदान करता येईल का?

उत्तर १
जीपीआर वापराच, पण केवळ त्यावर विसंबू नका. डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ रेडिओ लहरींचा वेग किती कमी करतो याचे माप) हवेचा १, पाण्याचा सुमारे ८० आणि काँक्रीटचा या दोहोंच्या मधला असतो. म्हणून स्लॅबखाली पाणी असेल तर तिथून परतणाऱ्या लहरीचे ध्रुवत्व (तिच्या चढ-उताराची दिशा) पृष्ठभागाच्या परावर्तनासारखे दिसते आणि हवेची पोकळी असेल तर ते उलटते. अडचण जाडीची आहे. १ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी हवेत ३० सेंटिमीटर असते, त्यामुळे काही मिलिमीटरच्या कोरड्या फटीची वरची आणि खालची परावर्तने एकमेकांत मिसळून जवळजवळ नाहीशी होतात. स्लॅब डोलायला मात्र तेवढी फटही पुरते. ती शोधायला सांध्यांपाशी एचडब्ल्यूडीने (जड वजन आदळून चाचणी घेणाऱ्या यंत्राने) भार टाकून विक्षेप, म्हणजे पृष्ठभाग किती दबतो ते, मोजावा.

उत्तर २
वरील मुद्द्याशी सहमत आहे. कोअर टाळण्याचा विचार मात्र सोडून द्यावा, ही कळकळीची विनंती. समजा, डांबरातून लहर जाऊन परत यायला ४ नॅनोसेकंद लागले. स्थिरांक ५ धरल्यास थराची जाडी सुमारे २६.८ सेंटिमीटर येते आणि ६ धरल्यास २४.५. हीच जाडी एचडब्ल्यूडीच्या आकडेमोडीत जाते आणि तिच्यातली चूक थेट थरांच्या मापांकात (कडकपणाच्या मापात), म्हणजे पुढे पीसीआरच्या (धावपट्टीच्या भारक्षमतेच्या) आकड्यातही उतरते. आधी रडार फिरवा, मग आलेख चांगला दिसणाऱ्या आणि संशयास्पद, अशा दोन्ही जागी थोडे कोअर घ्या. संशयाच्या जागीच कोअर घेतले तर तुलनेला आधार उरत नाही.

उत्तर ३
धावपट्टीवरील दिव्यांच्या केबल आणि सांध्यांतील डॉवेल सळ्या (शेजारचे स्लॅब जोडणाऱ्या पोलादी सळ्या) रडारच्या आलेखावर कमानीसारख्या उमटतात, म्हणून जुने नकाशे आधी मिळवा. शक्य असेल तर त्याच रेषांवर पावसाळ्यापूर्वी पुन्हा मोजणी करा. दोन्ही आलेखांत बदललेली जागा ओलाव्याची असण्याची शक्यता अधिक, कारण केबल आणि सळ्या ऋतूनुसार जागा बदलत नाहीत.