मापाचं काही करून घेतलंय का? फर्निचर आणि हातच्या वस्तूंचे अनुभव

टाचा_उंच (धागाकर्ती):
माझी उंची चार फूट दहा इंच. दुकानातलं लिहायचं टेबल सरसकट तीस इंची. त्याच्याशी बसलं की खांदे कानांना टेकतात आणि खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात. शेवटी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी टेबलाचं माप विचारलंच नाही. म्हणाले, "ताई, आधी बसा. पावलं जमिनीला टेकवा, कोपरं वाकवा आणि लिहायला लागा." मग कोपराखालून जमिनीपर्यंत टेप लावली आणि पंचवीस इंच लिहून घेतले. टेबल साधंच आहे, दोन खण आणि खाली पाय टेकायला एक पट्टी. पण घरात माझ्या मापाची ही पहिली वस्तू. बाकी सगळं घर नवऱ्याच्या आणि दुकानदाराच्या मापाचं आहे.

तर, तुम्ही काय करून घेतलंत? फर्निचरच हवं असं नाही. वाद्य, चप्पल, भांडं, घोंगडी, काहीही चालेल. कोणाकडून, कसं ठरवलं, पैसे वसूल झाले का, तेही लिहा. फोन नंबर धाग्यावर टाकू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

संत्रानगरी:
आमच्याकडे आठ माणसांचं जेवणाचं टेबल आहे, चंद्रपूरकडच्या सागवानाचं. व्यापारी अजून त्याला सीपी टीक म्हणतात, जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसवरून. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरहून सागवान गेलं, तेव्हापासून प्रत्येक वखारवाला "त्याच लॉटचं आहे भाऊ" असं सांगतो. हसायचं आणि पुढे जायचं.

लाकूड स्वतः घेणार असाल तर एवढं पाठ करा. कापीव लाकडाचे घनफूट म्हणजे रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. सहा फूट बाय तीन फूट टेबलाचा वरचा भाग एक इंच जाडीचा धरला तर ३६ × १ × ६ ÷ १४४, म्हणजे दीड घनफूट. पण रंधा मारून एक इंच उरायला हवा असेल तर कापीव फळी सव्वा इंचाची लागते, आणि गाठी-चिरा टाकून द्याव्या लागतात त्या वेगळ्या. म्हणून मिस्त्री हिशोबापेक्षा जास्त लाकूड सांगतो तेव्हा तो दर वेळी लबाडी करत असतो असं नाही.

दुसरं, फळीची कड बघा. मधला तपकिरी भाग म्हणजे गाभ्याचं लाकूड, कडेचा फिकट पांढरा भाग म्हणजे सालीजवळचं. वाळवी आणि किडा आधी पांढऱ्यात शिरतात. पॉलिश मारल्यावर दोन्ही एकाच रंगाचे दिसतात, म्हणून पॉलिशच्या आधी एकदा जाऊन बघायचंच.

आमचे मिस्त्री पंचाहत्तरीचे. टेबलाचा वरचा भाग त्यांनी पायांच्या चौकटीला घट्ट स्क्रूने आवळला नाही, लांबट भोकं पाडून त्यात स्क्रू बसवले. मुलाने विचारलं तर म्हणाले, "पावसाळ्यात हे रुंदीला फुगते, मे महिन्यात आखडते. त्याले जागा नाही देल्ली तर ते फाटते." लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला हलतं. नागपूरच्या उन्हाळ्यात चिरलेली महागडी टेबलं मी लोकांकडे पाहिली आहेत. आमचं अजून सरळ आहे.

चौथा_मजला_लिफ्ट_बंद:
जरा उलटं लिहितो, रागावू नका. मुंबईत भाड्याच्या घरात राहणाऱ्याने हे सगळं कशासाठी करायचं? आम्ही एकदा घरात सुतारकाम काढलं. सोसायटीने सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एवढीच वेळ दिली, दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद. भुसा पिठाच्या डब्यात. कंत्राटदाराने प्लाय मरीनचा दाखवला आणि आतल्या कप्प्यांना साधा लावला, ते पहिल्या पावसाळ्यात सिंकखालच्या कपाटाने फुगून सांगितलं. तयार कपाटाला निदान बिल असतं, वॉरंटी असते, नको झालं तर विकता येतं. "हातची कारागिरी" म्हणून लोक प्लायवुडवर चिकटवलेल्या सनमायकाचे पैसे मोजतात, त्यात कसली कारागिरी?

टाचा_उंच:
@चौथा_मजला, रागवायचं काय, मुद्दा खरा आहे. घरी सुतार बोलावला म्हणजे वस्तू हातची झाली असं नाही. माझं टेबल मिस्त्रींच्या कारखान्यातच झालं, घरात फक्त पाय जोडले.

संत्रानगरी:
आणि भाड्याच्या घरासाठी पलंग सुटा होणारा करून घ्या. डोक्याकडची आणि पायाकडची बाजू अखंड, मधल्या दोन पट्ट्या बोल्टने. पान्याने चार बोल्ट सोडवले की लिफ्टशिवायही खाली येतो. आजीच्या काळातले पलंग असेच सुटे होत, फक्त बोल्टऐवजी खाच आणि पाचर असे.

बडोद्याची_सून:
आमच्याकडे संखेड्याचा झोपाळा आहे. संखेडा बडोद्याहून दीडेक तासावर, आता छोटा उदेपूर जिल्ह्यात. तिथले खरादी, म्हणजे लाकूड कातून आकार देणारे कारागीर, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतात. सागवान कातायचं, त्यावर रंग, मग खारीच्या केसांच्या बारीक कुंचल्याने कथलाच्या रंगात नक्षी, वर लाख, आणि शेवटी अकीकाच्या दगडाने घोटणं. नक्षी काढताना चंदेरी असते, लाखेचा थर चढला की सोनेरी दिसायला लागते. सोनं त्यात कुठेच नसतं. मी हे समोर उभं राहून पाहिलं, तरी पटायला वेळ लागला.

पारंपरिक रंग मरून आणि सोनेरी. सासूबाईंना काळा हवा होता, "मरून तर सगळ्यांकडे आहे." कारागीरकाका आधी नको म्हणाले, मग एक पाय काळा करून दाखवला आणि स्वतःच खूश झाले. खरं माप मात्र झोपाळ्याचं नव्हतं, आमच्या हॉलचं होतं. छताला हूक कुठे, हुकापासून जमीन किती, पाठीमागे भिंत किती लांब. आपल्याला बडोद्यात बसून वाटतं की मोठ्यात मोठा घ्यावा. काकांनी नकाशा पाहून सहा इंच कमी केले, नाहीतर झोका भिंतीला लागला असता. सासरे रोज दुपारी त्यावर पेपर वाचत झोपतात आणि पेपर खाली पडतो.

उजवा_मोठा:
कोल्हापूर. माझं उजवं पाऊल डाव्यापेक्षा मोठं आहे आणि पंजा रुंद. दुकानात चपलेचा जोड मिळतो तो कायम एका पायाला चावतो. आमच्या गावाकडच्या कारागिराने वहीचा कागद जमिनीवर ठेवला, दोन्ही पावलं पेन्सिलीने आखली, अंगठ्याच्या बेचक्यात खूण केली, बास. त्या कागदावर दोन वेगवेगळ्या मापांचे तळ कापले.

चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, तळ म्हशीच्या चामड्याचा, शिवण चामड्याच्याच वादीने. खिळा एकपण नाही. वरची वेणी त्यांच्या मंडळी घालतात. त्या बाईंच्या बोटांकडं बघत बसलो तर चहा गार झाला. पहिले काही दिवस चप्पल लाकडागत कडक लागते, पायाला गोडेतेल लावून घालायची, मग बसते ती कायमची.

कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, कोल्हापूर-सांगली-सातारा-सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. २०२५ ला प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानमध्ये तसलीच चप्पल रॅम्पवर आणली, नाव न घेता. लई गदारोळ झाल्यावर मूळ भारतीय आहे हे मान्य केलं. आमच्या कारागिराला विचारलं, तर म्हणाला, "त्यांनी एकाच मापाची केली असंल. तुझ्या पायात बसली असती का?"

खर्जातली:
आमचं माप टेपने घ्यायचं नव्हतं. मुलगी गाणं शिकते आणि डावखुरी आहे. मिरजेला तानपुऱ्यासाठी गेलो तर त्यांनी पहिल्यांदा तिला गायला लावलं. तिचा षड्ज काळी चारला, म्हणजे तिचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. पुरुषाच्या काळी एकच्या तानपुऱ्याला लांब दांडी आणि मोठा भोपळा लागतो, वरच्या पट्टीला आटोपशीर वाद्य चालतं. ते ठरल्यावर तिला वाद्य मांडीवर घेऊन बसवलं आणि हात कुठवर पोचतो ते पाहिलं. डावखुऱ्या हातासाठी तारांचा क्रम आणि खुंट्यांची मांडणी उलटी केली.

तिथे आत भोपळ्यांची रास असते. ते खायचे नसतात, वाद्यासाठीच पिकवलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. वाळवून, कापून, आत साफ करून त्याला तुणीच्या लाकडाची तबली (भोपळ्यावरचं झाकण) आणि दांडी जोडतात. पण वाद्याचा जीव जवारीत. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीने इतका हलका घासायचा की तार त्यावर जेमतेम टेकत झणझणली पाहिजे. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून तो नाद जागेवर आणायचा. कारागीर डोळे मिटून एक घासा मारत, ऐकत, पुन्हा घासत. मुलगी कंटाळली, मी नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला वेगवेगळे जीआय मिळाले आहेत. ऑनलाइन "मिरज तानपुरा" म्हणून काय वाट्टेल ते विकतात, निदान त्यावर काही बोलता येईल.

जवारी दर काही वर्षांनी पुन्हा लावावी लागते. ज्याने बनवला त्याच्याकडेच न्यायचं. आमच्यासाठी हेच सगळ्यात मोठं कारण.

लँकेस्टरजवळ:
पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे लँकेस्टर काउंटीत आमिश लोकांची वस्ती, आणि त्यांचं लाकूडकाम प्रसिद्ध. त्यांच्यातल्या बऱ्याच कारखान्यांत वीजकंपनीची जोडणी घेत नाहीत. डिझेल इंजिनवर हवा दाबून त्या दाबावर करवती आणि सँडर चालवतात. आम्ही गेलो होतो देव्हारा करून घ्यायला.

समजावून सांगणं ही एक गंमतच होती. आमच्या घरातल्या जुन्या देव्हाऱ्याचा फोटो दाखवला. मालक दाढीवाले, शांत. त्यांनी देव कोण, किती, असलं काही विचारलं नाही. विचारलं ते असं: आत दिवा लावणार का? ज्योतीपासून वरचं लाकूड किती लांब हवं? पाणी सांडेल का? बसून वापरणार की उभ्याने? चेरीच्या लाकडात केलं, खणाचे कोपरे खिळे न ठोकता एकमेकांत अडकवलेले, आणि दिव्याच्या डोक्यावर तांब्याचा पत्रा बसवला, जो आम्हाला सुचलाच नव्हता. चेरी सुरुवातीला फिकट गुलाबी असते, उजेड खाऊन लालसर काळपट होते. आता ती आजोळच्या शिसवी देव्हाऱ्याच्या रंगाकडे चालली आहे. पैसे मुंबईच्या मानाने डोळे पांढरे करणारे. रविवारी जाऊ नका, बंद असतं.

कसब्यातला:
थोडक्यात लिहितो. पुण्यात तांबट आळीत पाण्याचा हंडा करून घेतला, माठाच्या जुन्या कोनाड्यात बसेल एवढाच. वरचे एकसारखे ठोके, म्हणजे मठार, नुसते शोभेचे नसतात. तांबं मऊ, ठोकून ठोकून कडक होतं आणि पोचा लवकर पडत नाही. मशीनने उमटवलेले ठोके ओळखायचे असतील तर बोट फिरवा, सगळे एकाच खोलीचे लागतात. तिथली घरं आता थोडी राहिलीत आणि आवाजाची तक्रार करणारे नवे शेजारी वाढलेत. तांबटांच्या आळीत येऊन ठोक्यांची तक्रार करायची, याला काय म्हणावं!

मडगावची:
आम्ही नवीन काही केलं नाही. आजोबांची शिसवी आरामखुर्ची होती, बैठकीचा वेत तुटलेला. घरचे म्हणत होते त्यावर फोम टाकून शिवून घेऊ. वेत विणणारे एक काका शोधले, आता फार कमी उरलेत. चौकटीच्या कडेने भोकं असतात, त्यांतून भिजवलेल्या वेताच्या पट्ट्या उभ्या, आडव्या, मग तिरप्या ओवत जायचं. ओला विणतात, वाळला की आपसूक ताणला जातो. तयार विणलेली जाळीची गुंडाळी मिळते, पण ती चौकटीला खाच असेल तरच बसते, आमच्या खुर्चीला भोकं होती. आर्द्रतेत वेताला बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कोरडं फडकं. बस्स.

चौथा_मजला_लिफ्ट_बंद:
बरं, थोडा विरघळलोय. आईचे गुडघे गेलेत, तिला सध्याच्या पलंगावरून उठता येत नाही. तिच्यासाठी सुटा होणारा पलंग करायचा विचार आहे. उंची किती ठेवू?

संत्रानगरी:
आधी गादी ठरवा, मग पलंग. आईंना चप्पल घालून खुर्चीवर बसवा, पावलं सपाट, आणि गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत माप घ्या. त्यात एक-दोन इंच मिळवा, उठायला सोपं पडतं. एवढी उंची गादी दबल्यावर आली पाहिजे. म्हणजे फोमची सहा इंची गादी माणूस बसल्यावर किती दबते ते बघून लाकडाची उंची काढा. आणि पलंगाखाली खण करू नका. उठताना टाचा मागे घ्यायला जागा लागते.

टाचा_उंच:
उशाकडच्या बाजूला हाताने धरायला एक उभा दांडा पण सांगा. गोल करून घ्या, चौकोनी कोपरा तळहाताला रुततो. लाकूड ठरलं की इथे लिहा, घनफुटांचा हिशोब सगळे मिळून तपासू.