गाड्या बंद, माणसं सुरू

सुनंदा काकू (बी ३०४): फोनने आज आपणहून जुना फोटो वर काढला. २०२३ च्या मे महिन्यात लेकीकडे चॅटनूगाला गेले होते, अमेरिकेत टेनेसी राज्यात. मागे निळा लोखंडी सांगाडा दिसतोय तो वॉलनट स्ट्रीट पूल. फक्त चालणाऱ्यांसाठी. खाली टेनेसी नदी. माझे गुडघे माहीतच आहेत सगळ्यांना, तरी त्या टोकापर्यंत गेले आणि परतही आले.

स्नेहल (ए १०२): काकू, कसला भारी! किती लांब आहे?

सुनंदा काकू: २,३७६ फूट. जावई आकडे पाठ असल्यासारखे सांगत होते. १८९१ सालचा. मोडकळीला आला म्हणून १९७८ मध्ये गाड्या बंद केल्या. पाडायचंच घाटत होतं, पण गावकऱ्यांनी हट्ट धरला, पैसे उभे केले, आणि १९९३ मध्ये पायी चालायला खुला झाला. पंधरा वर्षं नुसता उभा होता बिचारा.

प्रकाश काका (सी ५०१): छान. मग आपल्या नाशिकचा व्हिक्टोरिया पूल कधी करताय पायी? 😀

स्नेहल: काका, अहिल्याबाई होळकर पूल म्हणा.

प्रकाश काका: अगं, आमची पिढी व्हिक्टोरियाच म्हणणार. रिक्षावाल्यालाही तेच कळतं.

सुनंदा काकू: विचार वाईट नाही. संध्याकाळी दगडी कमानींवरून गोदावरी बघत जायचं.

मिलिंद (बी २०१, सेक्रेटरी): काकू, आणि पंचवटीतून रविवार कारंज्याला कशाने जायचं? माझं दुकान तिकडे आहे. चॅटनूगाला दुसरे पूल होते, म्हणून जुना चालायला मोकळा ठेवता आला. आपल्याकडे होळकर पुलाचा भार गाडगे महाराज पुलावर टाकलात तर सिंहस्थात काय होईल? मला संध्याकाळी सात वाजता तो पूल ओलांडायला लागतो तो वेळ विचारूच नका.

स्नेहल: चालणाऱ्यांसाठी रामसेतू पूल आहेच की दादा.

मिलिंद: आहे, पण पूर आला की तोच आधी पाण्याखाली. आणि एरवी फेरीवाल्यांमधून वाट काढायची.

प्रकाश काका: खरं सांगू? आपला होळकर पूल पायी होतो तो पुराच्या दिवशीच. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं हे बघायला अख्खं गाव कठड्याला चिकटतं. पोलीस गाड्या अडवतात. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून बघितलाय. त्या दिवशी कुणी हॉर्न वाजवत नाही.

सुनंदा काकू: हो, अगदी! मला तिथे तेच आठवलं. फळ्यांवर पाय वाजतात ना, तो आवाज ऐकत ऐकत चालत होते आणि डोक्यात आपला पूर.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. पुलाच्या एका टोकाला पुतळे आहेत, एड जॉन्सनचं स्मारक. १९०६ मध्ये याच पुलावर त्या कृष्णवर्णीय तरुणाला जमावाने फाशी दिली. सुप्रीम कोर्टाने शिक्षेला स्थगिती दिली होती, तरी तुरुंगातून ओढून आणला. पुढे तिथल्या शेरीफवरच, म्हणजे ज्याच्या ताब्यात तो होता त्या पोलीसप्रमुखावरच, सुप्रीम कोर्टाने खटला चालवला आणि त्याला कैद झाली. जॉन्सनची शिक्षा रद्द व्हायला मात्र २००० साल उजाडलं. स्मारक २०२१ चं. मी तिथे बसले आणि लेकीला म्हटलं, आता आईस्क्रीम नको.

स्नेहल: बाप रे. हे माहीतच नव्हतं.

प्रकाश काका: पाडला असता तर तेही गेलं असतं.

मिलिंद: बरं, पूर्ण बंदीला माझा विरोध कायम. पण रविवारी सकाळी सहा ते आठ? तेवढ्यात माझं दुकानही बंद असतं.

सुनंदा काकू: बंदीची वाट कशाला बघायची? येत्या रविवारी सहाला निघू. त्या वेळी पुलावर फारशी गाडी नसते.

प्रकाश काका: मी येतो. नारोशंकराच्या देवळापाशी भेटू.

स्नेहल: मीपण. पण तिथवर जायचं कसं?

मिलिंद: माझी गाडी आहे ना. फक्त पार्किंग कुठे मिळेल ते आधी सांगा.