प्रतिसाद: रँक विद्यापीठाची, शिकायचं मात्र शाखेत

'विद्यापीठ पहिल्या शंभरात नाही, मग लेकराला नांदेडला ठेवावं का पुण्याला धाडावं?' असं एकानं विचारलंय. एनआयआरएफ म्हणजे केंद्र सरकारची कॉलेज-विद्यापीठांची क्रमवारी. तिच्या एकूण रँकिंगमध्ये ३० टक्के वजन संशोधनाला आणि १० टक्के लोकांच्या मताला. बीटेकच्या पोराला यातलं वर्गात फारच थोडं मिळतं.

रँक सोडा, कॉलेजच्या वेबसाईटवरची एनआयआरएफची पीडीएफ उघडा. पहिल्या वर्षाला किती घेतले, वेळेत किती पास झाले, नोकरी किती जणांना, मध्यक पगार (चढत्या क्रमानं लावले की बरोबर मधला) किती, सगळं असतं. मध्यकच बघा. पाच जणांना ३, ३, ३.५, ४ आणि २० लाख मिळाले तर सरासरी ६.७ येते, मध्यक ३.५च. जाहिरातीत ६.७ छापतात!

पण एक गोम आहे. हे आकडे सगळ्या शाखांचे मिळून असतात. सिव्हिल घ्यायचं असेल तर प्लेसमेंट विभागाकडून शाखेनिहाय यादी मागाच. नॅक आणि एनबीए दोन्ही दर्जा तपासून मानांकन देतात; नॅकचं अख्ख्या संस्थेला असतं, एनबीएचं एकेका शाखेला. त्या शाखेच्या एनबीए मानांकनाची मुदत संपलेली नाही ना, तेही तपासा.

जमलं तर कामाच्या दिवशी लॅबमध्ये डोकावून या. यंत्रांवर धूळ दिसली की समजून घ्या.