एसएमपी (डोक्यावरचे शाईचे ठिपके): करून घेतलेल्यांनी अनुभव लिहा

स्काल्प मायक्रोपिगमेंटेशन (एसएमपी) करून घेऊ का, असं विचारणारे आता वरचेवर भेटतात. मराठीत शोधायला गेलं तर हाती लागतात क्लिनिकच्या जाहिराती: आधीचा फोटो, नंतरचा फोटो. मधले खपल्यांचे दिवस आणि पुढची वर्षं त्यात कुठेच नसतात. म्हणून हा धागा. करून घेतलेल्यांनी लिहा, विचार करून सोडून दिलेल्यांनी लिहा, पस्तावलेल्यांनी तर जरूर लिहा. क्लिनिकची नावं मात्र नकोत.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: डोक्याच्या कातडीत बारीक सुईने शाईचे हजारो ठिपके टोचतात. टॅटूपेक्षा उथळ आणि बारीक. यातून केस एकही उगवत नाही. एकतर डोकं नुकतं मशीन फिरवल्यासारखं दिसतं, किंवा विरळ केसांमधून डोकावणारी कातडी झाकली जाते. एवढीच अपेक्षा असेल तर पुढे जावं, असं माझं ठाम मत आहे. जे नाराज झालेले पाहिले, त्यातले बहुतेक मनात केस धरून गेले होते.

माझं सांगतो. पुण्यात राहतो, पस्तिशीतच कपाळ पार मागे गेलं होतं. सुन्न करणारं क्रीम लावून बसवलं, मग मशीनची घरघर सुरू. माथ्यावर फारसं जाणवलं नाही, कानशिलांपाशी मात्र डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या बैठकीनंतर ठिपके काळेकुट्ट आणि भोवती लाली. आठवडाभरात बारीक खपल्या निघाल्या आणि रंग इतका उतरला की पैसे वाया गेले असं वाटलं. पण ते तसंच व्हायचं असतं. जाणता माणूस पहिल्यांदा हात राखूनच भरतो आणि पुढच्या बैठकांत दाटी वाढवतो. साधारण दोन ते चार बैठका लागतात, मध्ये कातडी शांत व्हायला आठवडा-दोन आठवडे.

रोजच्या जगण्यातला खरा बदल ट्रिमरचा. बाजूचे केस जरा वाढले की वरचे ठिपके सपाट दिसायला लागतात, म्हणून मी दिवसाआड झिरो मारतो. टाळूची चमक हाही प्रश्न असतो. ट्यूबलाइटखाली डोकं चकाकलं की ठिपके उघडे पडतात. मॅट सनस्क्रीन लावलं की चमक जाते आणि उन्हाने रंग विटायचाही कमी होतो.

कोल्हापूर, स्त्री, 46

बायकांचं गणित वेगळं आहे म्हणून लिहिते. बाळंतपणानंतर गळलेले केस परत आले होते. चाळिशीनंतर भांग रुंदावत गेला, तो मात्र पुन्हा बारीक झाला नाही. आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी थायरॉइड आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला लावलं. मोठा ताप, बाळंतपण, लोह कमी होणं अशा कारणांनी गळलेले केस बहुधा परत येतात, तिथे शाई भरायची घाई करू नका, म्हणाल्या. माझं आनुवंशिक निघालं. मिनॉक्सिडिल (केसांसाठी लावायचं औषध) चालू आहे, ते फक्त बैठकीच्या आगेमागे काही दिवस बंद ठेवायला सांगितलं.

केस कापावे लागले नाहीत. एकेक भांग पाडत, क्लिपा लावत एसएमपी करणाऱ्या बाईंनी ओळीओळीने ठिपके भरले. कातडी बरी होईपर्यंत डोक्याला तेल बंद, डाय बंद. आता आरशात भांग पूर्वीसारखा बारीक दिसतो. लग्नकार्यात पाया पडायला वाकले की मागच्यांना टाळू दिसेल ही धास्ती असायची, ती गेली. वेणी मात्र होती तेवढीच आहे. शाईने केस दाट होत नाहीत, हे मैत्रिणींना मी पहिल्यांदा सांगते.

सातारा, पुरुष, 31

माझं वाईट झालं, तेही लिहितो. ज्याच्याकडे गेलो तो मुळात टॅटू काढणारा. ‘हेअर टॅटूपण करतो’ म्हणाला. नेहमीचीच शाई, नेहमीचीच सुई. ठिपके खोल गेले, पसरले, एकमेकांत मिसळले आणि वर्षभरात काळ्याचं निळसर झालं. कपाळावरची केसांची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ. खरी कड कधी अशी नसते, ती वेडीवाकडी असते, पुढे विरळ आणि मागे दाट. गावात टोपीशिवाय बाहेर पडवत नव्हतं. बहिणीच्या साखरपुड्यातसुद्धा मी फोटोत नाही.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझरने काढायला घेतलं. त्यांनी आधी कानामागे छोट्या जागेवर करून पाहिलं, कारण लोहाचे ऑक्साइड असलेले काही रंग लेझरने फिके होण्याऐवजी आणखी काळे पडतात. माझे फिके झाले. काम अजून चालू आहे, दोन वेळांच्या मध्ये बरेच आठवडे जावे लागतात. तुम्ही जाणार असाल तर त्या माणसाच्या हातचं दोन-तीन वर्षं जुनं काम प्रत्यक्ष बघायला मागा. ताज्या फोटोत सगळ्यांचंच चांगलं दिसतं.

धागाकर्ता

@सातारा, हे लिहिलंत, फार बरं केलंत. वाचून खरंच वाईट वाटलं. यात एक भर घालतो: सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे, आणि कुठली शाई वापरणार ते आधी विचारा. केलॉइड (जखमेचा व्रण जाड होऊन वाढत जाणं) होण्याची प्रवृत्ती, सोरायसिस किंवा कोड असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचून घेऊ नका. टोचल्या जागी हे नव्याने उठू शकतं.

डोंबिवली, पुरुष, 43

माझं व्रणासाठी. डोक्यामागून कातडीची पट्टी काढून हेअर ट्रान्सप्लांट केलं होतं, त्याची मागे कानापासून कानापर्यंत पांढरी रेघ राहिली. व्रणाची कातडी शाई नीट धरत नाही, कुठे रंग उडाला तर कुठे पसरला. मग जपून, थोडं थोडं भरलं. हात फिरवला तर रेघ लागते. पण आता मागचे केस बारीक कापता येतात, आणि नव्या सलूनवाल्याला सांगेपर्यंत कळलं नाही.

नागपूर, एक आई

आम्ही केलं नाही. मुलीला बारावीत चाई लागली, तीन चट्टे. कॉलेज सुरू व्हायच्या आत काहीतरी करा म्हणून ती रडायची, म्हणून चौकशी केली. डॉक्टरांनी थांबवलं. चाईत केसांची मुळं मरत नाहीत, केस परत येऊ शकतात, आणि नवा चट्टा भलतीकडेच उठू शकतो, मग शाई कुठे कुठे भरणार? चट्ट्यांत इंजेक्शनं घेतली. दोन चट्टे भरले, आधी पांढरी लव आली, मग ती काळी झाली. तिसरा अजून आहे.

लंडन, पुरुष, 58

मी 2012 साली करून घेतलं, तेव्हा भारतात फारसं कुणाला माहीत नव्हतं. मधल्या वर्षांत रंग पुन्हा भरून घेतला आणि तक्रार काहीच नव्हती. आता दाढी आणि कानशिलं पांढरी झाली. खाली पांढरी खुंटं आणि वर काळे ठिपके, हे काही जुळेना. म्हणून नवा रंग न भरता आहे तो विटू देतोय. तरुण मुलांना कळकळीने सांगतो, विशीतली कड मागू नका. पन्नाशीतल्या चेहऱ्याला शोभेल अशी, जरा वरच घ्या. पुढे हवी तर खाली आणता येते. एकदा खाली आणलेली वर न्यायची तर लेझर लागतो.

ठाणे, पुरुष, 27

रोज बाईकवर तासभर. हेल्मेटचं कसं करायचं?

धागाकर्ता

पहिले काही दिवस घाम, शॅम्पू, जिम, पोहणं बंद. हेल्मेटने घामही येतो आणि डोकं घासलंही जातं. मी तेवढे दिवस बसने गेलो. हेल्मेट न घालता बाईक चालवू नका. गणपतीच्या तोंडावरही करू नका, ताज्या टोचलेल्या डोक्यावर मिरवणुकीतला गुलाल नको. नियमाने रक्तदान करणाऱ्यांनी हेही धरून चाला: टॅटूसारखंच मोजतात, वर्षभर थांबावं लागतं.

अहिल्यानगर, स्त्री, 39

नवऱ्याने करून घेतलंय, मागचा ट्रिमर मीच फिरवते. सासरे गेले तेव्हा क्षौर करायचं होतं. वस्तरा फिरला, बाकी डोकं गुळगुळीत आणि ठिपके तसेच. न्हावी पुन्हा पुन्हा तिथेच वस्तरा फिरवायला लागला, तेव्हा ह्यांनी चारचौघांत सरळ सांगितलं. कुणी काही म्हणालं नाही, उलट चुलत दिरांनी नंतर बाजूला घेऊन सगळी चौकशी केली. वस्तऱ्याने शाईला काही झालं नाही. माझा प्रश्न: रंग पुन्हा भरायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

धागाकर्ता

काम पूर्ण झाल्यावर महिन्याने एक फोटो काढून ठेवा, आणि पुढे दर सहा महिन्यांनी त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली, तेवढ्याच अंतरावरून. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो. बहुतेकांना तीन ते पाच वर्षांत रंग पुन्हा भरावा लागतो, उन्हात काम असलेल्यांना लवकर. शक्यतो पहिलं काम केलेल्याच माणसाकडे जा, आणि शाईची छटा कोणती होती ते आत्ताच लिहून घ्या.