आयसीसी ०.०८ आलाय, मल्टिलेव्हल करायचं की साधं रिग्रेशन चालेल?

प्रश्न – पीएचडीवाली

मॅनेजमेंटमध्ये पीएचडी चालू आहे, विषय शाखा व्यवस्थापकाचं नेतृत्व आणि कर्मचाऱ्यांचं जॉब सॅटिसफॅक्शन. एका बँकेच्या २४ शाखा, प्रत्येकी साधारण २० जण, म्हणजे ४८० फॉर्म हातात आहेत, आणि नेतृत्वाचे प्रश्नसुद्धा कर्मचाऱ्यांनीच भरलेत. सॅटिसफॅक्शनचा आयसीसी, म्हणजे एकूण फरकातला शाखाशाखांमधला वाटा, ०.०८ आला. गाईड सरांचं म्हणणं की ०.१० च्या खाली आहे म्हणजे शाखेचा काही संबंध नाही, एसपीएसएस सॉफ्टवेअरमध्ये सरळ रिग्रेशन लाव आणि मोकळी हो. पण ज्या जर्नलला पाठवायचंय तिथे सगळे मल्टिलेव्हलच करतात, म्हणजे माणूस आणि शाखा अशा दोन्ही पातळ्या एकत्र धरणारं मॉडेल. सगळे करतात म्हणून करायचं नाहीये मला, कधी खरंच गरज असते ते समजून घ्यायचंय. कोणी नीट सांगेल का?

आकडेमोड

०.१० ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. ०.०८ म्हणजे सॅटिसफॅक्शनमधल्या एकूण फरकातला ८ टक्के फरक शाखाशाखांमधला, ऐकायला किरकोळ, पण शाखेत माणसं किती आहेत त्यावर तो किती महागात पडतो ते ठरतं. डिझाइन इफेक्ट, म्हणजे एका शाखेतली माणसं एकसारखी असल्याने सँपल किती पटीने आकसतं तो आकडा, काढून बघा: १ + (२० − १) × ०.०८ = २.५२. आता ४८० ला २.५२ ने भागा, उरले १९०. शाखेच्या पातळीवरचं काहीही तपासताना, म्हणजे मॅनेजरचा अनुभव, शाखा शहरात की गावात वगैरे, तुमच्याकडे साधारण १९० स्वतंत्र माणसांएवढीच माहिती आहे आणि साधं रिग्रेशन मात्र ४८० धरून चालतं. खरा स्टँडर्ड एरर (गुणांकातली अनिश्चितता) दाखवलेल्याच्या जवळजवळ १.६ पट असतो, म्हणजे आउटपुटमध्ये टी (गुणांक भागिले स्टँडर्ड एरर) २.५ दिसला तरी प्रत्यक्षात तो १.६ च्या आसपास, आणि तुमचं सिग्निफिकंट तिथेच गेलं.

वय, नोकरीची वर्षं अशी प्रत्येकाची वेगळी असणारी आणि सगळ्या शाखांत सारखीच पसरलेली व्हेरिएबल्स असतील तर एवढा फटका बसत नाही. म्हणून सरांना आयसीसीचा आकडा दाखवण्याआधी तुमचा मुख्य प्रेडिक्टर, म्हणजे ज्याचा परिणाम तपासताय ते व्हेरिएबल, कुठल्या पातळीवरचा आहे ते सांगा, निर्णय तिथे होतो.

थिअरीआधी

वरच्यांशी सहमत, पण खरी गोम नेतृत्वातच आहे. तुम्ही नेतृत्व शाखेचं म्हणताय की प्रत्येकाच्या नजरेतलं? एकाच मॅनेजरला वीस जण वीस आकडे देतात, त्यातला काही भाग सगळ्यांना सारखा दिसणारा मॅनेजर आणि काही भाग त्या माणसाचं त्याच्याशी कसं जमतं तो. साध्या रिग्रेशनमध्ये या दोन्हींची खिचडी होऊन एकच गुणांक येतो. हे दोन संबंध उलट दिशेलाही जाऊ शकतात. रॉबिन्सनने १९५० मध्ये अमेरिकेच्या जनगणनेचे आकडे घेऊन दाखवलं होतं की परदेशात जन्म आणि निरक्षरता यांचा संबंध माणसांच्या पातळीवर ०.११८ होता आणि राज्यांच्या सरासऱ्या घेतल्या तर चक्क उणे ०.५२६.

तेव्हा प्रत्येकाच्या स्कोअरमधून त्याच्या शाखेची सरासरी वजा करून तो खालच्या पातळीवर घाला आणि शाखेची सरासरी वरच्या पातळीवर, दोन वेगळे गुणांक मिळतील. पण सरासरी घेण्याआधी लोकांचं एकमत आहे का ते आरडब्ल्यूजी या एकमत मोजणाऱ्या निर्देशांकाने बघा. आणि एक विचारायचं राहिलं, ०.०८ हा सॅटिसफॅक्शनचा झाला, नेतृत्वाचा आयसीसी किती? शिवाय प्रश्न "मॅनेजर मला मदत करतात" असे होते की "मॅनेजर आम्हा सगळ्यांना मदत करतात" असे?

पीएचडीवाली

थँक्यू दोघांनाही! नेतृत्वाचा आत्ताच काढला, ०.१९ येतोय. प्रश्न सगळे "आमच्या शाखेत मॅनेजर…" असेच होते.

थिअरीआधी

मग उत्तमच. २० माणसांना ०.१९ म्हणजे सरासरीची विश्वसनीयता, आयसीसी दोन म्हणतात तो, ०.८२ च्या आसपास. शाखेची सरासरी बिनधास्त वापरा. मात्र नेतृत्व आणि सॅटिसफॅक्शन दोन्ही त्याच माणसांनी भरलंय, ज्याचं एकंदर बरं चाललंय तो दोन्हीकडे भरभरून देणार. शाखेतल्या निम्म्यांकडून नेतृत्वाची सरासरी घ्या आणि उरलेल्या निम्म्यांचं सॅटिसफॅक्शन घ्या. दहा जणांवरही विश्वसनीयता ०.७० राहते, तेव्हा हे तुम्हाला परवडतं.

मिश्रप्रभाव

थोडा लगाम पण घालतो. शाखापातळीवर तुमचं सँपल २४ आहे, ४८० नाही. इंटरसेप्ट रँडम ठेवा, म्हणजे प्रत्येक शाखेची मूळ पातळी वेगळी असू द्या, तेवढं झेपेल. रँडम स्लोप (शाखेगणिक बदलणारा गुणांक) आणि क्रॉस-लेव्हल इंटरॅक्शन (शाखेच्या गोष्टीमुळे माणसाच्या पातळीवरचा संबंध बदलणं) थिअरीत आधीच लिहिलेलं नसेल तर नादी लागू नका, २४ शाखांवर पॉवर, म्हणजे खरा परिणाम पकडायची ताकद, फारच तोकडी पडते. एस्टिमेशन रेमल (आरईएमएल) पद्धतीने करा आणि डिग्रीज ऑफ फ्रीडमला केनवर्ड-रॉजर ही कमी गटांसाठीची दुरुस्ती लावा, आर या सॉफ्टवेअरमध्ये सहज होतं.

आणि मल्टिलेव्हल नको अशाही केसेस असतात. पाच-सहाच शाखा असत्या तर शाखांचे डमी (प्रत्येक शाखेसाठी ०/१ व्हेरिएबल) घालून मोकळं व्हा म्हटलं असतं, फक्त मग शाखापातळीवरचा प्रेडिक्टर तपासता येत नाही. प्रश्न निव्वळ वैयक्तिक असेल आणि शाखा फक्त सँपल गोळा करायची सोय असेल, तर क्लस्टर रोबस्ट स्टँडर्ड एररनेही, म्हणजे साधं रिग्रेशन ठेवून शाखांचे गट धरून दुरुस्त केलेल्या स्टँडर्ड एररनेही, भागतं, पण त्यालाही क्लस्टर भरपूर लागतात, २४ वर दुरुस्तीशिवाय भरवसा ठेवू नका. तुमचा प्रश्न मॅनेजरबद्दल आहे आणि मॅनेजर २४ च आहेत, तेव्हा तुमच्यासाठी मल्टिलेव्हलच. सरांकडे जाताना साध्या रिग्रेशनचा आणि याचा स्टँडर्ड एरर एकाच टेबलात शेजारी ठेवून न्या.