लग्न विंडसरला आणि चर्चा आमच्या ग्रुपवर

शनिवार, १९ मे २०१८. साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला असलेल्या एका सोसायटीचा ग्रुप.

बी-२०३ काकू: आज आपल्या टायमाने साडेचारला इंग्लंडात विंडसरला राजपुत्र हॅरी आणि मेगनचं लग्न. ज्यांच्याकडे इंग्लिश चॅनेल येत नाहीत त्यांनी माझ्याकडे या, केबलवाल्याने कालच चालू करून दिलेत. चहा आहे, मुलांना पण पाठवा. तसाही अधिक महिना चालू, आपल्याकडे एक लग्न नाही कुठं, तेवढंच एक बघायला मिळेल.

डी-१०४ दादा: काकू राग मानू नका पण मला हे पटत नाही. १८४८ ला डलहौसीने वारस नाही म्हणून जे पहिलं संस्थान खालसा केलं ते आपलं सातारा. त्याच्या आधी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं, रंगो बापूजी महाराजांची बाजू मांडायला लंडनला वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले, त्यांना कुणी दाद दिली नाही. आणि त्या इंग्रजांच्या राणीच्या नातवाच्या लग्नाला आपण चहा ठेवायचा? दुसरं म्हणजे तिकडं माण-खटावात लोक पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेसाठी या उन्हात श्रमदान करतायत, २२ तारखेपर्यंत आहे, ते दाखवायला चॅनेलला वेळ नाही आणि नवरीचा ड्रेस कोण शिवणार यावर आठवडाभर चर्चा.

ए-३०२ आजोबा: बरोबर आहे दादाचं. चार भिंतीच्या टेकडीवर फिरायला जाता ना सगळे, तिथं सत्तावनच्या हुतात्म्यांचा स्तंभ आहे तो पण वाचा कधीतरी.

बी-२०३ काकू: आजोबा, दादा, राग कशाला, खरं तेच बोलताय. मी जन्मभर शाळेत इतिहासच शिकवला, रंगो बापूजी माझ्या मुलांना झोपेतून उठवून विचारा, सांगतील. श्रमदानाचं तर शंभर टक्के पटलं. पण बघावंसं वाटण्यात कमीपणा कसला ओ. दसऱ्याला जलमंदिरातून भवानी तलवारीची मिरवणूक पोवई नाक्याकडं निघते तेव्हा मी अजून दुपारपासून रस्त्याच्या कडेला जागा धरून उभी असते, शेजारी परगावच्या बाया असतात, ओळख ना पाळख, तरी सगळ्यांच्या डोळ्यात पाणी. तिकडं विंडसरला पण लोक आधीपासून फुटपाथवर झोपलेत म्हणे. राजाचं असो नाहीतर कुणाचं, लग्न म्हटलं की माणूस थांबून बघतोच.

सी-२०१ ताई: मी येणार काकू!! आणि दादा, आपला पण संबंध आहे बरं का. २००५ ला हॅरीच्या वडिलांच्या म्हणजे चार्ल्सच्या कॅमिलाशी झालेल्या लग्नाला मुंबईच्या दोन डबेवाल्यांना रीतसर आमंत्रण होतं आणि ते गेले पण होते. त्याच्या आधी २००३ ला चार्ल्स चर्चगेटला येऊन त्यांना भेटलेला, ते पण डब्याचा टाईम सांभाळून. यावेळी डबेवाल्यांनी पैठणी आणि फेटा घेतलाय. नवरा-नवरीने तर आहेर नकोच म्हणून सांगितलंय, त्याऐवजी ७ संस्थांना पैसे द्या, त्यातली एक मुंबईची मैना महिला फाउंडेशन, वस्तीतल्या बायका तिथं पॅड बनवतात. हे कुठल्या चॅनेलने नीट सांगितलं का?

ए-१०३ भाऊ: (व्हिडिओ फॉरवर्ड) हे बघा, नवरीचा बापच लग्नाला नाही. पैसे घेऊन खोटे फोटो काढले, पकडला गेला 😂😂

सी-२०१ ताई: अरे बापरे हो का

ई-००२ मामा: राजघराण्याचे पण वांधेच असतात म्हणायचे 😂

बी-२०३ काकू: भाऊ, तो व्हिडिओ काढून टाका, मनापासून सांगते. तुम्हाला एक गोष्ट सांगते ती वाचा, मोठी आहे पण वाचा. १९८० साल. डायना तेव्हा १९ वर्षांची पोर, लंडनला एका बालवाडीत काम करायची. चार्ल्सशी नाव जोडलं गेलं आणि फोटोग्राफर थेट बालवाडीच्या दारात. बिचारी बाहेर आली, दोन लहान मुलं बरोबर, एक कडेवर आणि एकाचा हात धरलेला, फोटो काढून दिला. ऊन पाठीमागून होतं, स्कर्ट पातळ, त्यातनं पाय आरपार दिसले आणि तोच फोटो जगभर छापला. लग्नाआधीची गोष्ट ही. मग २९ जुलै १९८१ ला लग्न, ७५ कोटी लोकांनी टीव्हीवर बघितलं म्हणतात, ड्रेसचा घोळ मागे २५ फूट. आपल्याकडे तेव्हा टीव्ही कुठं होता घरोघरी, मी पेपरातला फोटो कापून कपाटात आतून चिकटवला होता, एवढी आवडायची मला ती. आणि १६ वर्षांनी ३१ ऑगस्ट १९९७ ला पॅरिसच्या बोगद्यात गाडी आपटून गेली, मागे फोटोग्राफर लागलेले. ड्रायव्हर प्यायलेला होता हे खरंच, पण २००८ ला ज्युरीने निकाल दिला त्यात पाठलाग करणाऱ्या गाड्यांवर पण ठपका आहे. आज ज्याचं लग्न आहे ना तो तेव्हा १२ वर्षांचा होता, आईच्या शवपेटीमागनं सगळ्या जगाच्या कॅमेऱ्यांसमोर चालत गेला. आता त्याच्या बायकोच्या वडिलांवर हसायचं का आपण?

ए-१०३ भाऊ: काकू मी सहज टाकला. पण प्रसिद्धी यांना पण लागतेच की. नको असेल तर घोडागाडीतून मिरवणूक कशाला काढतात?

बी-२०३ काकू: मिरवणूक ते स्वतः दाखवतात भाऊ, ती बघायचीच, मी तर सगळं सोडून बघणार आहे. पण घरात बाप-लेकीचं काय बिनसलं ते त्यांनी दाखवलेलं नाही, ते कुणीतरी दार ढकलून काढलेलं आहे. २०१६ लाच हॅरीने राजवाड्यातर्फे पत्रक काढलं होतं की माझ्या मैत्रिणीला छळू नका. तिचे वडील मेक्सिकोत एकटे राहतात, कॅमेरेवाले त्यांच्या मागं लागले. त्यांनी एका फोटोग्राफरला हाताशी धरलं, सुटाचं माप देतानाचे, कॅफेत लेकीच्या बातम्या वाचतानाचे ठरवून फोटो काढले, चुकलंच त्यांचं. गेल्या रविवारी ते उघडं पडलं आणि लग्नाच्या दोन दिवस आधी पोरीला जगाला सांगावं लागलं की बाबा येत नाहीत. ती रात्र त्या पोरीने कशी काढली असेल हो.

डी-१०४ दादा: हे मात्र पटलं काकू. आपल्याकडं पण तेच. घरात मयत झालेलं असतं आणि दांडकं तोंडासमोर धरून विचारतात आपको कैसा लग रहा है. मी रिमोट आपटतो असलं काही लागलं की.

ए-१०३ भाऊ: केला डिलीट.

ई-००२ मामा: कर्नाटकचे मुख्यमंत्री येडियुरप्पांनी राजीनामा दिला!!! बहुमत चाचणी झालीच नाही

ए-३०२ आजोबा: आता मराठी चॅनेलवर लग्न विसरा, रात्रीपर्यंत बेंगळुरूच.

सी-२०१ ताई: काकूंकडे लावलंय, चालू झालं, या लवकर! हॉल भरलाय, लहान मुलं खाली सतरंजीवर

सी-२०१ ताई: जे खाली नाही आले त्यांच्यासाठी लिहिते. नवरी चर्चच्या पायऱ्या चढून एकटी आत आली, कुणाचा हात नाही, मान ताठ. मागनं दोन लहान मुलं तिचा घोळ सांभाळत. अर्ध्या वाटेवर चार्ल्स थांबलेला, त्याने हात दिला आणि पुढं नेलं. काकू तिथं रडल्या, मी पण. डोक्यावरची ओढणी १६ फुटी, तिच्यावर कॉमनवेल्थच्या ५३ देशांची फुलं हाताने भरलीत, आपलं कमळ पण आहे त्यात!! आणि तिची आई. हिरवट रंगाचा ड्रेस, नाकात बारीक चमकी अगदी आपल्या बायकांसारखी, त्या रांगेत माहेरचं दुसरं कुणी नाही, एकटी बसलीय. कॅमेरा सारखा सारखा तिच्यावर आणतायत, ती डोळे पुसतीय.

डी-१०४ वहिनी: अमेरिकेहून आलेले फादर किती छान बोलले, प्रेमावर. भाषा सगळी नाही कळली पण हातवारे करून असं सांगत होते की कळलंच. आमचे हे पण आलेत बरं का बघायला, मागं खुर्चीवर बसलेत.

डी-१०४ दादा: गादीचं माझं मत तेच आहे. पण पोरगी एकटी चालत आली तेव्हा गलबलून आलं, खोटं कशाला बोलू.

सी-४०२ ताई: मी सकाळपासून सगळं वाचतीय, लिहू का नको करत होते. आता लिहितेच. आमच्या मुलीच्या साखरपुड्याला आपण सगळे आलात, फार बरं वाटलं. पण तेव्हा आतल्या खोलीत ती तिच्या बाबांच्या फोटोसमोर उभी राहून रडत होती, तो व्हिडिओ कुणीतरी दारातनं काढला आणि फिरत फिरत तो तिच्या सासरी गेला. तिकडनं फोन, मुलगी खूश नाही का, जबरदस्ती चाललीय का. तिला काय उत्तर द्यायचं सुचेना. बाबा असते तर त्यांनी हात धरून मांडवात आणलं असतं, एवढंच मनात होतं तिच्या. कुणी काढला ते मला माहीत करून घ्यायचं नाही. अधिक संपला की जूनच्या शेवटी लग्न आहे. हळदीला पाहिजे तेवढे फोटो काढा, वरातीत नाचा, स्टेटसला ठेवा, मला आवडेल. फक्त आतल्या खोलीत मोबाईल नको, ही एक विनंती.

बी-२०३ काकू: ताई, विनंती कसली, आमचं कामच आहे ते. इतके दिवस मनात ठेवलंत.

ए-१०३ भाऊ: ताई तुमच्या शब्दाबाहेर कोण जाणार नाही. घरातल्या पोरांना मी स्वतः सांगतो.

सेक्रेटरी: सर्वांनी नोंद घ्यावी. हळदीसाठी टेरेस हॉल आणि पार्किंगची पुढची जागा सी-४०२ ला दिली आहे, चार्ज नाही.

डी-१०४ दादा: आतल्या खोलीच्या दाराशी मी उभा राहतो ताई, दिवसभर. कार्यालय कुठलं ठरलंय तेवढं सांगा.

सी-४०२ ताई: कोडोलीच्या बाजूला आहे दादा. पत्रिका छापून आल्या की मी स्वतः घरटी द्यायला येणार आहे, पहिली तुमच्याकडं.