रेडिएटर तापतात, पण नळाला गरम पाणी येत नाही : कॉम्बी बॉयलरमध्ये काय बिघडले असावे?

रेडिंगकर :
आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंग येथे भाड्याच्या घरात राहतो आणि घरात गॅसवर चालणारा २४ किलोवॉटचा कॉम्बी बॉयलर आहे, म्हणजे खोल्या उबदार ठेवणारे रेडिएटर आणि नळाचे पाणी हे दोन्ही तापवणारे एकच यंत्र. गेल्या आठवड्यापासून रेडिएटर नेहमीसारखे तापत असले, तरी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर या दोन्ही ठिकाणच्या नळांना जेमतेम कोमट पाणी येते. दाबाचा काटा १.३ बारवर स्थिर आहे आणि बिघाडाचा कोणताही कोड दिसत नाही. भारतातून आलेल्या सासूबाईंच्या अंघोळीसाठी सध्या किटलीत पाणी तापवून बादली भरावी लागते. दोष कुठे आहे हे घरच्या घरी ओळखता येईल का, आणि त्यात स्वतः काय करणे सुरक्षित आहे?

बंबवाला :
रेडिएटर तापत आहेत, म्हणजे गॅस, बर्नर आणि पंप यांच्यावर संशय घेण्याचे फारसे कारण नाही. कॉम्बी बॉयलरमध्ये गरम पाण्याची टाकी नसते. नळ सोडला की फ्लो सेन्सरला प्रवाह जाणवतो, बर्नर पेटतो, आणि डायव्हर्टर व्हॉल्व्ह आतले तापलेले पाणी रेडिएटरकडून वळवून प्लेट हीट एक्स्चेंजरकडे पाठवतो, जिथे नळाचे पाणी तापते. तेव्हा थर्मोस्टॅटवरून हीटिंग पूर्ण बंद करा, रेडिएटर गार होऊ द्या आणि मग गरम पाण्याचा एक नळ पूर्ण सोडून पाच मिनिटे पाहा. बर्नर पेटलाच नाही, तर फ्लो सेन्सर किंवा त्याच्या अलीकडची जाळी तपासावी लागेल. बर्नर पेटला आणि हीटिंग बंद असूनही रेडिएटर तापू लागले, तर डायव्हर्टर व्हॉल्व्ह अडकला आहे असे समजावे.

खडूचे पाणी :
यात एक शक्यता जोडतो. आग्नेय इंग्लंडचे पाणी खडूच्या खडकातून येत असल्यामुळे जड असते आणि त्यातला क्षार प्लेट हीट एक्स्चेंजरच्या अरुंद वाटांमध्ये साचतो. तसे झाले असेल, तर बर्नर पेटतो, काही सेकंदांत आतले पाणी प्रमाणाबाहेर तापते, बर्नर विझतो आणि नळाला गरम-गार असे आलटून पालटून पाणी येत राहते. नळ निम्मा बंद करूनही पाहावा, कारण २४ किलोवॉटचा बॉयलर मिनिटाला सुमारे १० लिटर पाण्याचे तापमान ३५ अंशांनी वाढवू शकतो आणि हिवाळ्यात मुळातच फार थंड पाणी आत येत असते. मात्र प्रवाह फारच बारीक केला, तर बर्नर पेटणारच नाही.

रेडिंगकर :
दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी हीटिंग बंद ठेवून नळ सोडला, तेव्हा बर्नर लगेच पेटला आणि न विझता चालू राहिला. नळाचे पाणी कोमटच राहिले, पण दिवाणखान्यातला रेडिएटर वरच्या बाजूला हात ठेवता येणार नाही इतका तापला.

बंबवाला :
मग डायव्हर्टरच, याबद्दल मला फारशी शंका वाटत नाही. दुरुस्तीला येणाऱ्याला व्हॉल्व्ह फिरवणारी वरची मोटरच फक्त गेली आहे की व्हॉल्व्हच अडकला आहे, हे आधी तपासायला सांगा. अनेक मॉडेलांमध्ये मोटर बॉयलरमधले पाणी न काढता बदलता येते, तर व्हॉल्व्ह बदलायला ते काढावे लागते, आणि खर्चात त्यामुळे बराच फरक पडतो. व्हॉल्व्ह रेडिएटरमधल्या काळ्या गाळाने अडकला असेल, तर गाळ धुऊन काढणे आणि चुंबकीय फिल्टर बसवणे हेही त्याच वेळी उरकावे, नाहीतर नवा व्हॉल्व्हसुद्धा तसाच अडकेल. बॉयलरचे कव्हर स्वतः उघडू नका. अनेक बॉयलरमध्ये ते ज्वलनकक्षाच्या सीलचाच भाग असते आणि ते नीट बसले नाही, तर कार्बन मोनॉक्साइड घरात पसरण्याचा धोका असतो.

भाडेकरू :
हा खर्च आपला नाही, हेही लक्षात असू द्या. १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम ११ नुसार साधारण भाडेकरारात गरम पाण्याची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. त्यांना आजच ईमेलने लेखी कळवा, त्यात सकाळच्या चाचणीत काय आढळले ते लिहा आणि घरात वृद्ध व्यक्ती आहे हेही नमूद करा. येणाऱ्या माणसाचे गॅस सेफचे (गॅसची कामे करणाऱ्यांच्या ब्रिटनमधील अधिकृत नोंदणीचे) ओळखपत्र मागून पाहा. त्याला कोणकोणती कामे करण्याची परवानगी आहे, ते कार्डाच्या मागच्या बाजूला दिलेले असते.